पेटीची उजवी बाजू

दातवाल्यांनी भंगारवाल्याकडून आणलेली काळी पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांच्या बायकोने आधी तिच्याखाली वर्तमानपत्र सरकवलं आणि मगच ती काय आहे हे विचारलं.

"साठवणीची पेटी आहे," दातवाले म्हणाले. "यात दोन डिस्क बसतात. घरातले सगळे फोटो हिच्यात ठेवायचे, मग टीव्हीवर बघा, फोनवर बघा, आंघोळ करता करता बघा."

"चालते का?"

"दिवा लागतो."

"अहो, दिवा लागणं म्हणजे चालणं का?"

"नाही चालली तर उघडून बघू."

हे वाक्य त्या घरात मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ आणि एकदा तर शेजाऱ्यांची दारावरची घंटा यांच्याबद्दल बोललं गेलं होतं. त्यांपैकी इस्त्री अजून चालते. बायकोने पेटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आणखी एक वर्तमानपत्र घातलं.

दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेतात, आणि त्या मापावरून कवळी बनवणारा जो माणूस कुणाला कधी दिसत नाही, ते हे. घराच्या मागच्या खोलीत त्यांची मेणाची पट्टी, तारेचं रीळ, नाजूक चिमटे आणि दुसऱ्यांचे दात असा संसार मांडलेला होता. हात सोन्यासारखा. पण डोक्यात एक किडा होता. बंद वस्तू दिसली की ती आतून कशी असेल या विचाराने त्यांना जेवण जात नसे. रोज बंद तोंडांची कामं करणाऱ्या माणसाला असं होतही असेल, कोण जाणे.

या धंद्यानेच त्यांना दुसरी एक खोड लावली होती. दातांच्या कामात उजवं म्हणजे रोग्याचं उजवं. तो आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो, त्यामुळे त्याचं उजवं ते आपलं डावं. तीस वर्षं हेच केल्यावर दातवाल्यांना जगातली प्रत्येक वस्तू तोंड उघडून समोर बसलेली दिसू लागली. कपाटाची उजवी बाजू म्हणजे कपाटाची स्वतःची उजवी. फ्रीजचंही तसंच. लग्नानंतरची पहिली चार वर्षं या घरात कुठलीच वस्तू पहिल्या फटक्यात सापडली नाही. एकदा बायकोने चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तेही पाहुण्यांच्या. तेव्हा तिच्या वडिलांनी मध्ये पडून निकाल दिला होता. ते मोजणी खात्यात होते, जमिनी मोजण्यात त्यांचा जन्म गेला.

"उजवं-डावं माणसाबरोबर फिरतं," ते म्हणाले होते. "खिडकी फिरत नाही. आजपासून या घरात खिडकीकडचं आणि दाराकडचं, एवढंच बोलायचं."

त्या दिवसापासून घरात तेवढंच बोलत होते आणि चहा गोड होत होता. अठरा वर्षं झाली त्याला.

तर हे सासरे येत्या रविवारी ऐंशी पूर्ण करणार होते. भेट काय हवी म्हणून लेकीने विचारलं, तेव्हा त्यांनी फार आढेवेढे न घेता दोन गोष्टी सांगितल्या.

"एक म्हणजे माझे दात. जावईबापू तीन महिने 'होतायत' म्हणतायत. मला एक सफरचंद सुरीशिवाय खायचंय. आणि दुसरं, तो बादल्यांचा फोटो एकदा दाखव."

बादल्यांचा फोटो म्हणजे सासूबाईंचा. त्यांचा पुढचा एक दात तरुणपणीच पडला होता, आणि तेव्हापासून हसू आलं की त्यांचा हात तोंडावर जायचा. लग्नातल्या फोटोत हात, नातेवाइकांच्या घोळक्यात हात, बागेत हात. जावई दात बनवणारा मिळाला तरी त्यांनी दात बसवला नाही. म्हणायच्या, आता सवय झाली. फक्त एकदा त्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन जिना चढत होत्या, नवरा खालून काहीतरी बोलला, आणि हात मोकळा नसल्यामुळे त्या तशाच तोंडभर हसल्या. त्याच क्षणी त्याने फोटो काढला. त्या गेल्याला सहा वर्षं झाली होती. सासऱ्यांना त्यांचं ते हसू पुन्हा एकदा बघायचं होतं, बाकी काही नको होतं.

मूळ फोटो ज्या अल्बममध्ये होता, तो मोरीखालच्या गळक्या नळीने कधीच फुगवून टाकला होता. त्याआधी लेकीने सगळे अल्बम एकेक करून संगणकात उतरवून घेतले होते, म्हणून बरं. मग तो संगणकही मेला. त्याच्या पोटातली डिस्क तेवढी काढून तिने लोकरीच्या मोज्यात गुंडाळून खणात ठेवली. आईचं उघडं हसू आता जगात त्या एका मोज्यात होतं.

"अहो, डिस्क लॅपटॉपला जोडायची एक केबल मिळते म्हणे," बायको म्हणाली.

"विचारली. दुकानात संपलीय. सोमवारी येईल."

"वाढदिवस रविवारी आहे."

"म्हणून तर पेटी आणली ना," दातवाले म्हणाले. केबल दुकानात नाही हे ऐकून आपल्याला आतून बरं वाटलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

पेटीचं दुखणं पहिल्याच संध्याकाळी कळलं. ती बनवणारी कंपनी सात वर्षांपूर्वी बंद पडली होती. पेटी मात्र सुरू झाली की आधी कंपनीच्या संगणकाची परवानगी मागायची. माहेरी फोन लावून बसायची आणि तिकडे कुणी उचलत नव्हतं. मग पिवळा दिवा लावून रुसायची. उपाय एकच होता. तिच्या डोक्यातलं जुनं सगळं काढून तिथे लिनक्स घालायचं. लिनक्स म्हणजे यंत्र चालवणारी अशी व्यवस्था, की जी कुणीही कुठल्याही यंत्रात फुकट घालू शकतो, परवानगी कुणाचीच लागत नाही. फक्त ज्या यंत्रांवर ती चालते त्यांच्या लांबलचक यादीत ही पेटी नव्हती. यादी बघून दुसरा कुणी गप्प बसला असता. दातवाल्यांचे डोळे चमकले.

इंटरनेटवरच्या एका कोपऱ्यात त्यांना या पेटीवर लिनक्स घालायला निघालेला एक माणूस सापडला. त्याने नऊ वर्षांपूर्वी 'जुनाखिळा' या नावाने अकरा पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या, फार सविस्तर, कुठला स्क्रू कितीदा फिरवायचा इथपर्यंत. अकरावी पायरी अशी होती: 'आता पेटी बोलू लागेल. उरलेलं सोपं आहे.' त्यानंतर जुनाखिळा पुन्हा कधी काही बोलला नव्हता. दातवाल्यांनी त्याला निरोप पाठवला: 'उरलेलं म्हणजे काय?'

शुक्रवारी दुपारी त्यांनी पेटी उघडली. आतल्या हिरव्या पाटीवर एका कडेला ओळीत चार बारीक भोकं होती. नाव नाही, खूण नाही. जुनाखिळा म्हणत होता की यांतल्या तीन भोकांत तारा घालून लॅपटॉपला जोडल्या की पेटी मनातलं बोलते. पण साधी तार आत टिकेना. जाड घेतली तर शिरत नव्हती, बारीक घेतली तर घसरत होती. तिथे हवी होती पोलादी, लवचीक, आपल्या जोरावर अडकून राहणारी तार. दातवाल्यांना अशी एकच तार माहीत होती, आणि ती मागच्या खोलीत होती.

आता ही तार म्हणजे काय, ते सांगायला हवं. सासऱ्यांचे खालचे चार दात नवे व्हायचे होते, आणि ते बाजूच्या खऱ्या दातांना तारेच्या तीन आकड्यांनी धरून राहणार होते. तीन आकडे वळवून, घासून, 'सासरे' अशी चिठ्ठी लावलेल्या ताटलीत तयार होते. रीळ त्यातच संपलं होतं. दातवाल्यांनी तार पुरवणाऱ्याला फोन लावला.

"रीळ हवंय."

"उद्या सकाळी पाठवतो, साहेब."

"नक्की?"

"तुम्हाला कधी नाही म्हटलंय?"

एवढं आश्वासन माणसाला बिघडवायला पुरतं. उद्या रीळ आलं की दुपारपर्यंत नवे आकडे होतील, असा हिशेब करून त्यांनी ताटलीतले तीन आकडे उचलले, चिमट्याने सरळ केले, भोकांत रोवले आणि वरून मेण ओतून पक्के केले. अगदी घट्ट बसले. पोलादी तार एकदा वळवून सरळ केली की पुन्हा वळवताना मोडते, हे त्यांना ठाऊक होतं. पण उद्या रीळ येणार होतं ना.

शनिवारी सकाळी फोन आला. "साहेब, गाडी आलीच नाही बघा. सोमवारी नक्की."

दातवाल्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. जगात ज्याची ज्याची म्हणून गरज होती ते सगळं सोमवारी येणार होतं. बायकोने विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही." दात गेले ते गेले, आता निदान फोटो तरी दिसलाच पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आणि खरं सांगायचं तर, पेटी आता काय बोलेल याची उत्सुकता त्यांना दातांपेक्षा जास्त होती. याची त्यांना लाजही वाटली, पण उत्सुकता काही कमी झाली नाही.

रविवारी सकाळी नाश्ता उरकल्यावर ते टेबलापाशी भिंतीला पाठ लावून बसले. पेटीचं तोंड त्यांच्याकडे, झाकण उघडं, मांडीवर लॅपटॉप. एका बोटाने त्यांनी मेण दाबून धरलं होतं. बायकोला त्यांनी टेबलाच्या पलीकडे उभं केलं. बटण तिच्या बाजूला होतं आणि दुसरा हात दातवाल्यांना नव्हता.

"मी तीन म्हटलं की बटण दाब. चालू झाल्यावर पहिल्या तीन सेकंदांत मी इकडून हाक मारली पाहिजे. चुकलो तर ती आपल्या तंद्रीत निघून जाते, मग ऐकत नाही."

"माझ्या ओळखीचं वाटतंय हे," बायको म्हणाली.

पहिल्या खेपेला उशीर झाला. दुसऱ्या खेपेला मेण निसटलं. पाचव्या खेपेला बायको म्हणाली, "केक ओव्हनमध्ये आहे हां माझा." सातव्या खेपेला लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर उमटू लागली. पेटी आपला जन्म, आपली स्मृती, आपली दुखणी सगळं सांगत होती आणि शेवटी गप्प बसून हुकमाची वाट पाहत होती.  दातवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अहो, काय म्हणतेय ती?"

"काय हवंय म्हणून विचारतेय."

तेवढ्यात फोन वाजला. जुनाखिळ्याचं उत्तर आलं होतं, नऊ वर्षांनी. 'मीही तिथेच अडकलो होतो. तुमचं जमलं तर कळवा.'

उरलेलं मग दातवाल्यांनी अंदाजाने केलं, एकेक ओळ लिहून, पेटी काय म्हणते ते बघून, पुन्हा लिहून. तासाभराने पेटी लिनक्स घ्यायला राजी झाली. आता तिच्यात डिस्क बसवायच्या होत्या. एक मोज्यातली, फोटोंची. दुसरी कोरी, लिनक्ससाठी, दातवाल्यांनी मुद्दाम त्याच जातीची आणलेली. दोन्ही इतक्या सारख्या, की जुळ्या बहिणी. गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच, कवळीच्या ताटल्यांना लावतात तशा, दोन्हींना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. फोटोंच्या डिस्कवर 'उ', कोरीवर 'डा'. वहीतही लिहून ठेवलं होतं: पहिली जागा उजवी, फोटो. दुसरी जागा डावी, कोरी, पुसायची.

"डिस्क बसव," ते म्हणाले. बोट अजून मेणावरच होतं.

"कुठली कुठे?"

"चिठ्ठ्या आहेत बघ."

ओव्हनची घंटा वाजली. बायकोने दोन्ही डिस्क उचलल्या, वरून पेटीत खट् खट् सरकवल्या आणि ती स्वयंपाकघरात पळाली. पडद्यावर प्रश्न आला, पहिली डिस्क की दुसरी? दातवाल्यांनी वही पाहिली आणि दुसरी निवडली. पेटीने विचारलं, हिच्यावरचं सगळं पुसलं जाईल, नक्की? त्यांनी 'हो' लिहिलं. पेटीने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा 'हो' लिहिलं. एक पट्टी उमटली आणि मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली.

पट्टी एकोणीस टक्क्यांवर असताना बायको हात पुसत आली. "झालं का?"

"होतंय. तू नीट बसवल्यास ना डिस्क?"

"चिठ्ठीप्रमाणे. उजवी उजवीकडे, डावी डावीकडे."

दातवाल्यांनी पडद्यावरून मान वर केली. "कुणाच्या उजवीकडे?"

"म्हणजे?"

"उजवीकडे म्हणजे कुणाच्या?"

"माझ्या. आणखी कुणाच्या? इथे मीच उभी होते."

"अगं, पेटीच्या. पेटीची उजवी."

"पेटीला कसली आलीय उजवी? पेटी काय जेवते का उजव्या हाताने?"

दातवाल्यांची दातखीळ बसली. ही आपल्या उजव्या हाताला, म्हणजे पेटीच्या डाव्या जागेत फोटो ठेवून गेली. दुसऱ्या जागेत. आणि दुसरी जागा आपण पुसली. एकदा नाही, दोनदा 'हो' म्हणून पुसली.

"बंद करा मग," बायको म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"मध्येच बंद केली तर पेटी कायमची जाईल. आणि पुसायचं होतं ते आधीच पुसून झालंय. आता ती नुसती लिहितेय."

"कशावर?"

दातवाल्यांनी वही मिटली. बायको समोरच्या खुर्चीवर बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती रागावली नाही, नुसती पट्टीकडे बघत राहिली. "मी बाबांना गाडीतून आणताना सांगितलंय हो, आज आई दिसेल म्हणून," एवढंच म्हणाली. दातवाल्यांना त्या क्षणी मिक्सर, घड्याळ, घंटा, उघडलेली एकूणएक वस्तू आठवली आणि आपल्या हातांचा त्यांना मनापासून राग आला.

सासरे बाहेर बाल्कनीत पेपर वाचत बसले होते. ते आत आले, टेबलाच्या टोकाला बसले आणि खिशातून एक लालबुंद सफरचंद काढून समोर ठेवलं.

"आणा माझे दात," ते म्हणाले.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिला तरी हे कुठे ठाऊक होतं?

"बाबा," दातवाले म्हणाले, "दात सोमवारी."

"परवापर्यंत तर रविवारी होते."

"त्यांचे आकडे इथे आहेत." त्यांनी मेणाकडे बोट दाखवलं.

सासऱ्यांनी वाकून पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "माझे दात या डब्याला बसवलेत तुम्ही?"

"फक्त तारा."

"चावते का हो ही?"

कुणी हसलं नाही. मग सासऱ्यांनी दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हे प्रकरण दातांचं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "काय झालंय?"

दातवाल्यांनी सगळं सांगितलं. केबल, पेटी, चिठ्ठ्या, उजवं, डावं, दोनदा 'हो'. काही लपवलं नाही, केबल संपल्याचा आपल्याला आनंद झाला होता हेही सांगून टाकलं. "बाबा, बहुतेक फोटो गेला. माझ्यामुळे गेला. मला फार वाईट वाटतंय."

सासरे बराच वेळ सफरचंद हातात फिरवत बसले. मग त्यांनी लेकीला विचारलं, "तू उभी कुठे होतीस?"

"बाबा, आता त्याचं काय?"

"चाळीस वर्षं मी बांधांची भांडणं पाहिली. दोघं शेजारी 'उजवीकडचं झाड माझं' म्हणून गळे काढायचे, आणि दोघंही खरं बोलत असायचे. आधी माणूस कुठे उभा होता ते विचारावं लागतं. ऊठ. उभी होतीस तिथे उभी राहा."

ती टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. पेटीची पाठ तिच्याकडे होती.

"उजवी डिस्क कुठल्या हाताने ठेवलीस? तो हात वर कर."

तिने उजवा हात वर केला.

"तो हात कुठे आहे? खिडकीकडे का दाराकडे?"

"खिडकीकडे."

"आता जावईबापू, तुम्ही. उठू नका, बसल्या जागी. तुमच्या या रोग्याची उजवी बाजू दाखवा."

दातवाल्यांनी डावा हात वर केला. तो खिडकीकडे होता.

तिघंही थोडा वेळ तसेच राहिले, दोघांचे हात वर आणि एक सफरचंद मध्ये. दातवाल्यांनी आपला हात पाहिला, बायकोचा पाहिला, खिडकी पाहिली. रोग्याच्या मागे जाऊन उभं राहिलं की त्याचं उजवं तेच आपलं उजवं, ही गोष्ट त्यांच्या धंद्यात पोरगासुद्धा सांगेल. पण रोग्याच्या मागे उभी राहिलेली आपली बायको त्यांना दिसलीच नव्हती, कारण त्यांचं सगळं लक्ष रोग्याच्या तोंडात होतं.

"म्हणजे मी बरोबर ठेवली?" बायकोने विचारलं.

"तू बरोबर ठेवलीस."

"माझी उजवी धरून?"

"तुझी उजवी धरून."

"मग अठरा वर्षं मी खिडक्या-दारं कशाला मोजतेय?"

"आज त्यांनीच वाचवलं," सासरे म्हणाले. "हात खाली करा आता, दुखतील."

तरीही जीव भांड्यात पडायला अजून अवकाश होता. हात खिडकीकडे असणं वेगळं आणि फोटो दिसणं वेगळं. पट्टी साठवर आली, केक थंड झाला, सत्तरवर ती इतका वेळ थांबली की बायकोने कपडे वाळत घालून घेतले. सासरे हलले नाहीत. शंभर झाल्यावर पेटी एकदा विझली आणि पुन्हा जागी झाली. यावेळी तिने माहेरी फोन लावला नाही. पिवळ्याच्या जागी हिरवा दिवा लागला.

दातवाल्यांनी टीव्ही लावला. पेटीचं नाव आलं. त्याखाली एक कप्पा आला, त्यावर बायकोने काही वर्षांमागे स्वतः दिलेलं नाव होतं: 'आईचे'. तिने रिमोट त्यांच्या हातातून घेतला. हात, हात, तोंडावर हात, फोटोमागून फोटो गेले. मग जिना आला. दोन बादल्या आल्या, एकीतलं पाणी हिंदकळून पायरीवर सांडलेलं. आणि त्या बादल्यांच्या वर सासूबाई, तोंड उघडं टाकून, डोळे मिटून, जिन्यात घुमेल अशा हसत होत्या.

 सासऱ्यांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली.

"काय बोलला होतात बाबा तुम्ही तेव्हा?" लेकीने हळूच विचारलं.

"आठवत नाही गं. तेवढंच आठवत नाही."

दातवाले धंद्यातला माणूस. बघता बघता सवयीने पुटपुटले, "वरचा उजवा, पुढून दुसरा."

"डावा," सासरे म्हणाले.

"बाबा, त्यांचा उजवा. आपल्याला दिसतो डावीकडे, पण..."

"अठ्ठेचाळीस वर्षं मी समोर बसून जेवलोय. डावा."

दातवाल्यांनी तोंड उघडलं. तीस वर्षांचा धंदा जिभेच्या टोकावर आला होता. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"हो बाबा. डावा."

सासरे हसले. त्याबरोबर त्यांचा हात तोंडावर गेला, खालचे चार दात नव्हते ना. लेकीने ते पाहिलं. ती उठली, केकची बशी आणून त्यांच्या एका हातात दिली, चहाचा काठोकाठ भरलेला कप दुसऱ्या हातात दिला, आणि नवऱ्याला डोळ्यांनी खूण केली.

"अगं, हे धरू कसं? दात नाहीत मला, खाऊ कसं?"

"आधी धरा तर."

"आणि हे सफरचंद?"

"ते सोमवारी," दातवाले गंभीरपणे म्हणाले.

सासऱ्यांना हसू फुटलं. दोन्ही हात अडकलेले, चहा सांडायच्या बेतात, तोंड झाकायला काही नाही. ते तसेच, चार दातांचं खिंडार उघडं टाकून, खदाखदा हसले. दातवाल्यांनी फोटो काढला. तो पेटीत ठेवायला ते लॅपटॉपकडे वळले, तेव्हा बायको म्हणाली, "आईच्या शेजारी ठेवा. खिडकीकडच्या डिस्कवर."